तारप्यातला निळा रुमाल

कॉलेजातून फोन आला तेव्हा मला वाटलं, गॅदरिंगच्या शूटिंगसाठी विचारतायत. मी सवयीने "कॅमेरे दोन की एक?" असं विचारूनही टाकलं. पलीकडच्या मॅडम हसल्या. शूटिंग नको, तुम्हीच या, म्हणाल्या. त्यांच्याकडे माध्यमांचा नवा कोर्स सुरू झाला होता आणि त्यात म्युझिक व्हिडिओचं विश्लेषण असा एक धडा होता. कॅमेरा, एडिटिंग, वेशभूषा. पुस्तकातली उदाहरणं सगळी परदेशातली. मुलांना आपल्या भागातलं एखादं गाणं शॉट बाय शॉट उलगडून दाखवणारं कुणीतरी त्यांना हवं होतं.

डहाणू रोडला स्टेशनजवळ मी तीस वर्षं स्टुडिओ चालवला. आता तो पुतण्या बघतो आणि मी सरावलीहून सकाळी स्कूटरने जाऊन पासपोर्ट फोटोपुरता स्टुलावर बसतो. मला आजवर कुणी 'सर' म्हटलेलं नव्हतं. लोक म्हणतात 'शूटिंगवाले'. "ओ शूटिंगवाले, पंगत उठायच्या आत जेवून घ्या," एवढाच काय तो मान. त्यामुळे मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, हे कबूल करतो.

मुलांना दाखवायला मी माझं सगळ्यात गाजलेलं गाणं निवडलं. गाण्याचं नाव इथे लिहीत नाही, गायकाला आवडणार नाही. त्या गायकाला आपण जिग्नेश म्हणू. तलासरीचा पोरगा, घरी गुजराती, दोस्तांत हिंदी, गाणी मराठीत. गळा बरा होता आणि उत्साह गळ्याहून मोठा. सहा-सात वर्षांपूर्वी त्याने माझ्याकडून ते गाणं शूट करून घेतलं आणि ते इतकं चाललं की हायवेच्या बसमध्ये, वरातीत, गणपतीत, जिथे जाईन तिथे मला तेच ऐकू यायचं. भात कापून झालेलं शेत, मध्ये जिग्नेश गॉगल लावून, आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारा आदिवासी पाडा. फेराच्या मधोमध एक म्हातारा, हातात तारपा.

तारपा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाळलेला दुधी भोपळा, त्याला खाली बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा हातभर लांब कर्णा. वाजवणारा गालात हवा धरून ठेवतो आणि श्वास तोडत नाही. सूर एकदा लागला की तो थांबेपर्यंत सलग. नाचणाऱ्यांना दुसरा ताल लागत नाही. तारप्याची चाल बदलली की पाय बदलतात.

वर्गात मी आधी धंद्याच्या गमती सांगितल्या. हीरो हळूहळू चालतोय, केस हळूहळू उडतायत आणि ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळलेले, हे कसं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. सोपं आहे. शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने लावायचं, गायकाने तितक्याच घाईत ओठ हलवायचे, मग एडिटिंगला चित्र निम्म्या वेगावर आणायचं. वाढवणला एकदा होडीवर असंच शूटिंग होतं. स्पीकरवर गाणं उंदरासारखं चिरकत होतं, गायक होडीच्या नाळेवर माकडासारखा नाचत होता, आणि सुकाणू धरलेला तांडेल हसून हसून असा वाकला की होडी फिरली आणि सगळा समुद्र फ्रेमबाहेर गेला. मुलं खूष झाली. मॅडमही खूष झाल्या. मी चढत गेलो.

मग गाणं लावलं आणि एकेक शॉट थांबवून बोलू लागलो. पहिला शॉट ड्रोनचा, वरून पूर्ण फेर दिसतो. नंतर कॅमेरा खाली, गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे गायक आहे त्याहून उंच वाटतो. जिग्नेशला त्याची गरज होती. एडिटिंग ठोक्यावर. ढोलाचा ठोका पडला की शॉट बदलायचा, बघणाऱ्याला दम घेऊ द्यायचा नाही.

एका मुलाने विचारलं, सर, फेर एकदाही पूर्ण होत नाही ना? मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, कुठल्याच शॉटमध्ये माणूस निघाला तिथे परत येत नाही, त्याआधीच कट होतो. मी ते गाणं हजार वेळा पाहिलं असेल, पण हे मला दिसलं नव्हतं. म्हटलं, छान निरीक्षण आहे. सर लोक असंच म्हणत असावेत.

एक शॉट मी आडवा पलटवलेला होता. जिग्नेश डावीकडे बघतो, पुढच्या शॉटमध्ये बायका डावीकडून यायला हव्या होत्या, त्या आल्या उजवीकडून. अशा वेळी कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटतं. कुणाला कळत नाही, असं आम्ही समजतो. पाड्यावर पहिल्याच दिवशी कळलं. फेर भलतीकडून फिरतोय आणि बायकांचे पदर उजव्या खांद्यावर गेलेत. एका बाईने जिग्नेशला गाठून विचारलं होतं, माझा पदर गुजराती कुणी केला? वर्गात हा किस्साही चांगला रंगला.

वेशभूषेवर आलो. बायकांची एकसारखी लाल लुगडी भाड्याने आणलेली होती. त्या घरून आल्या होत्या सणाच्या साड्या नेसून, प्रत्येकीचा रंग वेगळा. जिग्नेशला ते 'ओरिजिनल' वाटेना. म्हातारा उघड्या अंगाने, कमरेला पंचा. एक मुलगी पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, सर, यांच्या अंगावर काटा आलाय. मी म्हटलं, क्लोजअपची हीच ताकद. कलाकार भावनेत बुडाला की शरीर बोलतं.

तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले. तिने तारप्याच्या तोंडाकडे बोट केलं. "सर, कर्ण्याच्या आत ते निळं काय आहे?"

कर्ण्याच्या तोंडातून जेमतेम बोटभर निळं कापड दिसत होतं. मला ते काय आहे हे माहीत होतं. तो माझा रुमाल होता. मी म्हटलं, "वेशभूषेचाच भाग आहे. सजावट." काही मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. ती मुलगी लिहीत नव्हती. ती खाली बसली.

आता शूटिंगच्या दिवशी खरं काय झालं ते सांगतो.

गाण्याच्या शूटिंगला आवाज लागत नाही. गाणं आधीच तयार असतं, ते मोठ्या स्पीकरवर लावायचं आणि सगळ्यांनी त्याबरहुकूम हलायचं. त्या वेळी कॅमेऱ्यात भरला जाणारा आवाज आमच्या लेखी कचरा. एडिटिंगला बसलं की पहिलं काम तो बंद करायचा. ही सवय मला लग्नांनी लावली. जनरेटरची धडधड, पोरांची रडारड, आचाऱ्याच्या शिव्या, सगळं बंद करून वर एक गाणं टाकून द्यायचं. एकदा उधवा गावाकडची एक बाई आली होती. तिची आई वारली होती. पाठवणीच्या वेळी आईने तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं होतं आणि रडण्याच्या भरात हिला ते आठवत नव्हतं. कॅसेटमध्ये आई बोलताना दिसते, पण ऐकू येतं सनईचं गाणं. मूळ कॅसेटवर मी केव्हाच दुसरं लग्न भरलेलं होतं. मी तिला चहा पाजला आणि पाठवून दिलं. शहाणं व्हायची ती वेळ होती. मी झालो नाही.

जिग्नेशने तारपा वाजवायला ज्या म्हाताऱ्याला आणलं तो म्हणजे जानूआजा. आसपासच्या पाड्यांत त्याच्या तारप्याला मान होता. सकाळी सातला आम्ही शेतात पोहोचलो तर हा आमच्या आधी हजर. पांढरा शर्ट, वरच्या बटणापर्यंत लावलेला, केस तेल लावून चापून बसवलेले. थंडीचे दिवस होते, गवतावर दव होतं. जिग्नेश माझ्या कानाशी म्हणाला, शर्ट चालणार नाही काका, आदिवासी दिसला पाहिजे. मी जाऊन आजाला शर्ट काढायला सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बटणं काढली, शर्टाची नीट घडी केली आणि ती बांधावर ठेवून वर दगड ठेवला. अंगावर काटा आला तो त्यामुळे. भावनेचा काही संबंध नव्हता.

स्पीकर लावला. आजाने तारपा तोंडाला लावला आणि खरोखर वाजवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे भात घरात आलं की पहिल्या नाचाला तो जी चाल वाजवायचा, ती. बायकांचे पाय स्पीकर सोडून त्याच्यामागे गेले. फेर सुंदर फिरला, जिग्नेश मात्र पार गडबडला, कारण त्याला स्वतःचंच गाणं ऐकू येईना. मी कट म्हणून ओरडलो. आजाला समजावलं की वाजवायचं नाही, नुसतं धरायचं, गाल फुगवायचे. तो हो म्हणाला आणि पुन्हा वाजवलं. असं तीनदा झालं. शेवटी मी जरा चिडूनच विचारलं, आजा, कळत नाही का?

तो म्हणाला, "तोंडाला लावला का तो वाजल ना रं. नाय वाजवायचा तं लावायचा कशाला?"

 ऊन चढत होतं, आणि शूटिंगवाल्याला चढत्या उन्हासारखी दुसरी भीती नाही. मी खिशातला रुमाल काढला, त्याचा बोळा केला आणि तारप्याच्या कर्ण्यात कोंबला. आवाज दबला. आजाने तारपा पुन्हा तोंडाला लावला. दुपारपर्यंत तो त्या बोळ्याआडून वाजवतच होता, जवळ गेलं की घुसमटलेलं गुणगुणणं ऐकू यायचं. गाण्यात त्याच्या हालचालीवर तुम्ही जो तारपा ऐकता तो कीबोर्डचा आहे.

पदर उलटा झालेला पाड्याने पहिल्या दिवशी ओळखला, तर तारपा बदललेला ओळखला नसेल असं मला वाटत नाही. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

तास संपला, टाळ्या झाल्या, मॅडमनी गुलाबाचं फूल दिलं. फाटकाशी मी स्कूटर काढत होतो तेव्हा ती मागच्या बाकावरची मुलगी आली. नाव रंजिता. म्हणाली, जानूआजा माझे आजोबा. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.

मी स्कूटर स्टँडवर लावली.  आजाला हा व्हिडिओ आवडला होता का, असं काहीतरी मूर्खासारखं विचारलं. ती म्हणाली, त्यांनी तो एकदाच पाहिला. मग म्हणाली, तो पांढरा शर्ट त्यांनी शूटिंगसाठी नवा घेतला होता. हे ती तक्रारीने सांगत नव्हती. मला माहीत असावं म्हणून सांगत होती, आणि तेच झोंबलं.

तिचं काम वेगळं होतं. तिचे वडील लहानू वापीच्या एका कंपनीत कामाला. बापाकडून त्यांनी नाचाच्या सगळ्या चाली उचलल्या होत्या, फक्त भाताच्या पहिल्या नाचाची ती चाल राहिली. ती आजा वर्षातून एकदाच वाजवायचा, आणि नेमकी त्या दिवसांत लहानूला कधी सुट्टी मिळाली तर मिळाली. आजा होता तोवर घाई नव्हती. तो गेल्यावर दोन वर्षं पाड्यावर भात आलं आणि पहिला नाच दुसऱ्याच कुठल्यातरी चालीवर झाला. म्हाताऱ्या बायकांना ते पटत नव्हतं. यंदा तरी ती चाल वाजली पाहिजे असं लहानूच्या डोक्यात होतं. मी विचारलं, मोबाइलवर कुणी भरलं नाही? ती म्हणाली, घरातलाच माणूस, दरवर्षी वाजवणारच, कोण भरणार?

"पप्पा म्हणतात, शूटिंगच्या दिवशी आजोबांनी तीच वाजवली होती. तुमच्याकडे आवाज असेल ना?"

मी बघतो म्हणालो. खरं तर तिथेच सांगायला हवं होतं. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाने गाणं पसंत केलं की काही महिने मूळ शूटिंग ठेवायचं आणि मग पुसून टाकायचं. लग्नसराई आली की हार्ड डिस्क रिकामी करणं म्हणजे पाहुण्यांआधी घर झाडणं. मी ते झाडून केव्हाच बाहेर टाकलं होतं. तरी शोधलं. जुन्या डिस्क उघडल्या, एक वापीला नेऊन दुकानदारासमोर दिवसभर बसलो. त्यातून तीन लग्नं आणि एक बारसं परत मिळालं, जे कुणालाच नको होतं. जिग्नेशला फोन केला. तो आता गाणी करत नाही, हायवेवर टायरचं दुकान आहे. त्याच्याकडेही फक्त तयार गाणं होतं. म्हणाला, काका, त्यात आवाज आहे ना, कीबोर्डचा, एकदम सेम. मी फोन ठेवला.

शेवटी सापडलं ते माझ्याच जुन्या मोबाइलमध्ये, काच तडकलेल्या. शूटिंगच्या सकाळी ड्रोन उडतोय, माणसं जमलीत, असा एक तुकडा मी स्टेटसला टाकण्यासाठी काढला होता, फुशारकी म्हणून. मोबाइल चार्ज करून तो लावला. शेत हलतंय, कुणीतरी हसतंय, मागे स्पीकर अजून सुरू व्हायचाय, आणि तारपा. अगदी स्वच्छ. चाल सुरू होते, एक वळण घेते, दुसरं घेते, आणि तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी एक आवाज येतो: "ओ आजा, बंद करा, बंद करा. आवाज नकोय आपल्याला." तारपा थांबतो. तुकडा संपतो. तो आवाज माझा आहे.

मी ते किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. माझा आवाज कापून मोकळा होण्याचा मोह झाला. कापायला दोन मिनिटं लागली असती, उभं आयुष्य तेच तर केलं. पण माझ्या आवाजानंतर वाचवण्यासारखं काही नव्हतंच, आणि त्याच्यासकट जे होतं ते जसं आहे तसंच द्यावं असं वाटलं.

भात कापून खळ्यावर आलं त्या सुमाराला मी पाड्यावर गेलो. लहानू ओट्यावर होता, बापासारखाच कमी बोलणारा. रंजिताने तो तुकडा आपल्या मोबाइलवर घेतला, घरातल्या सगळ्यांनी मिळून ते ऐकलं. आजाची म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तारपा सुरू झाला तशी ती ताठ झाली. माझा आवाज आला तेव्हा सगळे माझ्याकडे न बघता मोबाइलकडेच बघत राहिले. मी मान खाली घातली. म्हटलं, चुकलं माझं. रुमालही माझाच होता, वर्गात मी खोटं बोललो.

म्हातारी उठून आत गेली आणि पत्र्याच्या डब्यातून एक निळी घडी घेऊन आली. धुतलेली, उन्हात वाळवून कडक झालेली. लहानू म्हणाला, बापाने तुम्हाला परत द्यायला ठेवला होता, तुमच्या दुकानावर दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा तुम्ही लग्नात होता. मी रुमाल घेतला. कपाटात ठेवलाय, वापरायची हिंमत झालेली नाही.

आठवड्याने पहिला नाच होता. रंजिताचा फोन आला, या म्हणाली. मी कॅमेरा न घेता गेलो. बायका आपापल्या रंगाच्या साड्यांत होत्या. लहानूने बापाचा पांढरा शर्ट घातला होता, खांद्यात थोडा आखूड. त्याने तारपा लावला आणि चाल सुरू झाली. मोबाइलमधली जशीच्या तशी. म्हातारीचे पाय पहिल्याच सुराला उचलले गेले. फेर निघाला, एक वळण झालं, दुसरं झालं. मी श्वास रोखून बसलो होतो. वाटलं, इतकं आलं त्याला पुढचंही येईल, हातात कुठेतरी असेल ते, बापाचा मुलगा आहे.

तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी तारपा थांबला. फेरही थांबला, जिथे होता तिथेच, बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून तशाच उभ्या. लहानूने तारपा तोंडापासून काढला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"पुढं नाय येत, भाऊ. इथं तुमी बोलतां."